पाण्यावरचा तवंग



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, ग्रहताऱ्यांची माहिती ऐकता. आमचा विषय त्या मानाने फारच खालच्या पातळीवरचा आहे. खाचराच्या बांधाशी, ओहोळाच्या कडेला, वाटेवरच्या डबक्यात पाणी स्थिर साचले म्हणजे त्यावर निळा, जांभळा, तांबूस, सोनेरी असा जो तवंग येतो, त्याविषयी आम्ही बोलणार आहोत. कामगार संघटनेचा माणूस पगार, बोनस आणि महागाईभत्ता सोडून डबक्याकाठी का येऊन बसला, असे कुणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळेल. एवढेच आधी सांगतो की, या तवंगाने आमच्या भागात खरी गाऱ्हाणी खोटी ठरविली आहेत आणि खोट्या खुलाशांना खऱ्याचा मुलामा दिला आहे. म्हणून त्याची उलटतपासणी करणे आम्हांला भाग पडले.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे डोंगराकडचे दोन तालुके. एकीकडे माहुलीचा किल्ला, दुसरीकडे माळशेजचा घाट आणि मधून वाहणाऱ्या भातसा, काळू, शाई या नद्या. वर्षाला शंभर इंचांच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. भाताची खाचरे तुडुंब भरतात. भाद्रपद उलटला, पावसाने उघडीप दिली आणि पाणी संथ झाले की खाचरांच्या खालच्या अंगाला, जिथून पाणी पाझरते तिथे, हा तवंग दिसू लागतो. पुढे ओहोळ आटत जातात. वैशाखात त्यांच्या पात्रात डवरे खणून बायका वाटीवाटीने पाणी भरतात, तेव्हा त्या डवऱ्यांच्या कडेलाही तो असतो.

तो दिसला की माणसे आपापल्या अनुभवाप्रमाणे अर्थ लावतात. कारखान्यात काम करणारा म्हणतो, “हे मशीनचे तेल.” रस्त्यावर गॅरेज असलेला म्हणतो, “ट्रकचे डिझेल.” एखादा म्हातारा बाबा म्हणतो, “आमच्या लहानपणीही हे होते, तेव्हा कुठे होते कारखाने?” आणि एखादा उत्साही तरुण जमिनीखाली रॉकेलचा झरा असल्याची वार्ता गावभर करून येतो. चौघांचेही डोळे शाबूत आहेत आणि चौघांनीही एकच वस्तू पाहिली आहे. तरी अर्थ चार निघाले. याचे कारण असे की, रंग पाहून वस्तू ओळखण्याची आपल्याला सवय आहे आणि इथे रंगच फसवा आहे.

तेव्हा प्रथम रंगाचा हिशेब करू. हळद पिवळी असते, कारण पिवळा रंग त्या पदार्थाचाच आहे. तवंगाचे तसे नाही. तो बोटावर घेतला तर निळे काही लागत नाही. साबणाचा फुगा आठवा. साबण पांढरा, पाणी बिनरंगी, पण फुगा उन्हात रंगांनी थरथरतो. इंग्लंडात रॉबर्ट हुक याने १६६५ साली अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांत आणि साबणाच्या फुग्यांत दिसणारे हे रंग टिपून ठेवले. न्यूटनने १७०४ सालच्या आपल्या ग्रंथात पापुद्र्याची जाडी आणि रंग यांचे नाते मोजून दाखविले. त्याची उपपत्ती टॉमस यंग याने १८०१ साली मांडली. ती अशी की, प्रकाश लाटांनी चालतो. पातळ पापुद्र्यावर ऊन पडले की काही प्रकाश त्याच्या वरच्या पृष्ठावरून परततो आणि काही आत शिरून खालच्या पृष्ठावरून परततो. हे दोन्ही प्रकाश पुन्हा एकत्र येतात. लाटेच्या माथ्याला माथा मिळाला तर प्रकाश वाढतो. माथ्याला खळगा मिळाला तर दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. तांबड्या रंगाची लाट लांब, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या सुमारे सात पट. जांभळ्याची आखूड, सुमारे चार पट. म्हणून पापुद्रा जिथे जितका जाड असेल, तिथे त्या मानाने एखादा रंग मरतो आणि दुसरा उठून दिसतो. जाडी बदलली की रंग बदलला.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. रंग पापुद्र्याची जाडी सांगतो. पापुद्रा कशाचा आहे ते तो सांगत नाही. माणसाच्या केसाच्या दीडशेव्या-दोनशेव्या हिश्श्याइतका पातळ असा कोणताही पारदर्शक पापुद्रा पाण्यावर पसरला, तर तो असेच रंग दाखवील. मग तो डिझेलचा असो, गंजाचा असो, की आमटीवरच्या फोडणीचा असो.

तेल किती पसरते याची गंमत बेंजामिन फ्रँकलिन याने लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर पाहिली आणि १७७४ साली ती छापून आली. एक चमचाभर तेल त्याने पाण्यावर ओतले, तर ते पसरत पसरत अर्धा एकर, म्हणजे आपल्या मापाने वीस गुंठे पाण्यावर गेले आणि पाणी आरशासारखे शांत झाले. त्याच्या लक्षात हेही आले की, पसरताना आधी रंग दिसतात आणि तेल आणखी पातळ झाले की रंगही दिसेनासे होतात. वीस गुंठ्यांवर रंग उमटायला हिशेबाने अर्धा-पाऊण लिटर तेल पुरते. म्हणजे तवंग मोठा दिसला म्हणून पिंपभर तेल सांडले असे होत नाही, आणि रंग नाहीसा झाला म्हणून तेल गेले असेही होत नाही. गाऱ्हाणे लिहिणाराने आणि गाऱ्हाणे ऐकणाराने, दोघांनीही हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पाण्याच्या पृष्ठभागाचे मोजमाप शास्त्रशुद्ध रीतीने करून दाखविणाऱ्यांत एका बाईचे नाव पहिल्या मानाने घेतले जाते. जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावची आग्नेस पॉकेल्स. जन्म १८६२ चा. मुलींना तेव्हा विद्यापीठाचे दार बंद. घरी आजारी आईबापांची सेवा आणि स्वयंपाकघर. भांडी धुताना पाण्यावर तेलकटपणाचा काय परिणाम होतो, हे तिने विशीच्या आसपास न्याहाळायला सुरुवात केली. पत्र्याचे एक लांबट पाळे करून त्यावर एक पट्टी सरकविण्याची युक्ती काढली आणि पृष्ठभागाचा ताण मोजला. १८९१ साली तिने लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाला पत्र लिहिले. त्या गृहस्थाचा मोठेपणा असा की, त्याने ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे छापण्यासाठी पाठविले. पुढे १९३२ साली तिच्या गावच्या तंत्रविद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टर केले. ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही, अशा आमच्यासारख्यांना ही हकीकत फार जवळची वाटते. निरीक्षणाला पदवी लागत नाही, चिकाटी लागते. आणि आपले निरीक्षण जगापुढे मांडायला एखादा सज्जन ऐकणाराही लागतो.

आता आपल्या खाचरातल्या तवंगाकडे येऊ. कारखाना नाही, रस्ता नाही, अशा रानातल्या पाणथळीत तो येतो कोठून? तर तो लोखंडातून येतो. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसापासून झालेला आहे आणि त्यात लोहाचा अंश शेकडा दहाच्या आसपास असतो. हजारो वर्षे पाऊस खाऊन हा पाषाण कुजला की त्याची तांबडी माती होते. शेजारच्या माथेरानची लाल वाट आपण सर्वांनी तुडविली आहे. ती लाली लोखंडाच्या गंजाची. गंजरूपातले लोखंड पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते मातीत मुक्कामाला राहते.

पण खाचरात पाणी तुंबले की परिस्थिती पालटते. मातीत कुजणारा पाचोळा आणि मुळे यांवर जगणारे सूक्ष्मजंतू मातीतला प्राणवायू संपवून टाकतात. वरून पाण्याचे झाकण, त्यामुळे नवी हवा आत पोचत नाही. अशा वेळी काही जंतू श्वासासाठी प्राणवायूऐवजी गंजाचाच उपयोग करतात. त्या घडामोडीत गंजाचे लोखंड विरघळणाऱ्या रूपात येते आणि पाण्याबरोबर मुकाट्याने वाहू लागते. ते पाणी अगदी नितळ दिसते. पुढे ते बांधाखालून पाझरून उघड्यावर आले की त्याची हवेशी गाठ पडते. विरघळलेले लोखंड पुन्हा गंजते आणि पाण्याच्या माथ्यावर, जिथे हवा आणि पाणी मिळतात नेमक्या तिथे, गंजाचा एक अतिपातळ पापुद्रा धरतो. तोच आपला तवंग. खाली बसतो तो नारिंगी गाळ.

हे काम नुसत्या हवेचे नाही. लोखंड गंजविण्यात हात असलेले सूक्ष्मजंतू आहेत. त्यांतल्या एकाचे, गॅलिओनेलाचे, वर्णन एरेनबर्ग याने १८३६ साली केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा दोरा पिळलेल्या फितीसारखा दिसतो. लेप्टोथ्रिक्स नावाच्या दुसऱ्या जातीची कुळी पाण्यावरचा हा पापुद्रा धरण्यात विशेष पटाईत. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८८ साली असा विचार मांडला की, काही जंतू लोखंड गंजविताना सुटणाऱ्या शक्तीवरच आपला निर्वाह करतात. आपण ज्याला गंज म्हणून दूर लोटतो, तो कुणाची तरी भाकरी आहे.

शेतकऱ्याला याची खूण दुसऱ्या जागी सापडते. भाताचे रोप उपटून पाहा. मुळांवर पुष्कळदा तांबूस लेप असतो. भाताच्या देठातून आणि मुळातून हवा खाली नेणाऱ्या पोकळ वाटा असतात. त्या हवेतला थोडा प्राणवायू मुळाबाहेर झिरपतो आणि तिथे आलेल्या लोखंडाला गंजवून बाहेरच थोपवितो. चिखलात उभे राहून जगण्याची ही भाताची युक्ती आहे.

या तांबड्या गाळाला जगाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. उत्तर युरोपात दलदलीच्या तळाशी असाच गंज साचून त्याचे ढेकळे बनत. तेच खणून, कोळशाच्या भट्टीत घालून, तिथल्या लोकांनी शेकडो वर्षे लोखंड काढले. समुद्र ओलांडून न्यूफाउंडलंडला गेलेल्या नॉर्स लोकांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी तेथेही हेच केले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सॉगस येथे १६४६ च्या सुमारास उभारलेला लोखंडाचा कारखाना दलदलीतल्या खनिजावरच चालला. म्हणजे ज्या तवंगाला आपण कारखान्याची घाण समजतो, त्याच्याच भाऊबंदांपासून एके काळी कारखाने उभे राहिले!

इतके ऐकून कुणी म्हणेल, “मग प्रश्न मिटला. तवंग निसर्गाचा. गाऱ्हाणे कशाचे?” थांबा. गोष्ट इथेच अवघड होते. शहापूरवरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. त्याच्या दुतर्फा गॅरेजे आहेत, ट्रक धुण्याच्या जागा आहेत. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. तेलही सांडतेच. दोन्ही तवंग एकाच तालुक्यात, कधी एकाच ओहोळात. रंग सारखा. मग ओळखायचे कसे?

त्याला प्रयोगशाळा लागत नाही, काडी लागते. काठावर बसावे आणि तवंगात काडी घालून अलगद रेघ ओढावी. तवंग लोखंडाचा असेल तर तो काचेच्या तावदानासारखा फुटतो. त्याचे कोनाकोनांचे तुकडे होतात आणि ते तसेच अलग तरंगत राहतात. तेलाचा असेल तर तो फुटत नाही. काडीबरोबर वळतो, भोवऱ्यासारखे नागमोडी पट्टे काढतो आणि काडी उचलताच पुन्हा जुळून येतो. कारण लोखंडाचा पापुद्रा घट्ट आहे आणि तेल हे द्रव आहे.

काडीच्या साक्षीला जोड द्यावी. वास घ्या, तेलाला रॉकेल-डिझेलचा वास येतो, लोखंडाच्या तवंगाला नुसता चिखलाचा. तळ पाहा, तांबूस-नारिंगी मऊ गाळ असेल तर लोखंड. वरच्या अंगाला चालत जा. तवंग पाझराच्या तोंडाशी सुरू होतो, की एखाद्या मोरीच्या तोंडाशी? आणि घरातली एक परीक्षा सांगतो. डोंगरातल्या लोकांच्या हातचा हिरडा आपल्या ओळखीचा आहे. त्याची पूड चिमूटभर घेऊन त्या पाण्यात टाका. पाण्यात लोखंड पुरेसे असेल तर ते काळसर-जांभळट होते. हिरडा आणि लोखंड यांच्या संयोगाने पूर्वी शाई करीत, त्यातलेच हे तत्त्व. लोखंडी पाण्याचा चहा काळपट का होतो, याचेही उत्तर यातच आहे.

मात्र या परीक्षांच्या मर्यादा सांगितल्या नाहीत तर आम्ही आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. उन्हात बरेच दिवस पडलेले तेल दाट होते आणि त्याचाही पापुद्रा तुटल्यासारखा दिसू शकतो. पाचोळा कुजूनही थोडा तेलकटपणा सुटतो. डासांच्या अळ्या मराव्यात म्हणून डबक्यांवर मुद्दाम तेल टाकण्याची पद्धत जुनी आहे. आणि लोखंडाच्या तवंगाखालून तेल येणारच नाही असा काही करार झालेला नाही. काडी आपल्याला कोणती शंका धरावी हे सांगते. निकाल द्यायचा तर नमुना तपासावाच लागतो.

आता आम्ही या विषयात का पडलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीचे दहा-बारा लोक आमच्याकडे आले. नावे सांगत नाही; वाडी त्यांची आणि ओहोळही त्यांचा. त्यांच्या ओहोळाच्या वरच्या अंगाला एक छोटा कारखाना. आधीच्या वर्षी आश्विनात ओहोळावर तवंग दिसला म्हणून त्यांनी अर्ज केला होता. साहेब आले, त्यांनी काडी घातली, तवंगाचे तुकडे झाले. साहेब हसले, “हे नैसर्गिक आहे” असा शेरा मारून गेले. शेरा चुकीचा नव्हता. पण त्या हसण्याचा परिणाम असा झाला की, पुढच्या चैत्रात पाण्याला खरोखरच डिझेलचा वास येऊ लागला, तेव्हा त्यांचा दुसरा अर्ज कुणी वाचलाच नाही. “मागच्या वेळचेच लोक” म्हणून तो बाजूला पडला.

आम्ही त्यांच्याबरोबर ओहोळाने वर चढलो. कारखान्याच्या मोरीच्या वर लोखंडाचा तवंग होता. काडीने फुटत होता. मोरीच्या खाली तेलाचा होता. काडीबरोबर फिरत होता. दोन्हींमध्ये शंभर पावलांचे अंतर. आम्ही वाडीतल्या शाळकरी मुलांना एक वही दिली. रोज तारीख, वेळ, जागा, वास, काडीचा निकाल, एवढे लिहायचे. दोन्ही जागांचे पाणी स्वच्छ काचेच्या बाटल्यांत भरून ठेवले. प्लॅस्टिकला तेल चिकटते म्हणून काच. नव्या अर्जात आम्ही पहिल्या ओळीत लिहिले : “मोरीच्या वरचा तवंग लोखंडाचा आहे, हे आम्हांस मान्य आहे. आमची तक्रार मोरीखालच्या तवंगाबद्दल आहे.” त्या एका वाक्याने अर्जाला वजन आले. अधिकारी पुन्हा आले, रीतसर नमुना घेतला गेला आणि पुढे त्या मोरीवर तेल अडविणारा हौद बांधला गेला.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा आपला कायदा १९६९ साली केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल अधिनियम १९७४ चा. त्याच्या २१ व्या कलमात नमुना कसा घ्यावा याची रीत दिली आहे : सांडपाणी सोडणाराला जागेवर नोटीस द्यायची, मागितल्यास नमुन्याचे दोन भाग करायचे, सीलबंद करून त्यावर सह्या घ्यायच्या. तेव्हा आपण भरलेली बाटली कोर्टातला पुरावा नव्हे. तिचे काम अधिकाऱ्याला जागेवर आणण्याचे. कामगार संघटनेत आम्ही हेच शिकलो आहोत. गाऱ्हाण्यात नऊ गोष्टी खऱ्या आणि एक ऐकीव असली तर समोरचा वकील त्या एका ऐकीव गोष्टीवर उभा राहतो आणि नऊ बुडवितो. म्हणून दुबळ्याने जास्त काटेकोर असावे लागते. हे न्याय्य आहे असे आम्ही म्हणत नाही. पण असे आहे खरे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. “नैसर्गिक” हा शब्द फार सोयीचा आहे. लोखंडाचा तवंग असतो हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे, ते त्याचा ढालीसारखा उपयोग करतात. तेलाच्या तवंगाकडे बोट दाखवून “हे जंतूंचे काम” म्हणणारा शिकलेला माणूस गावकऱ्यापेक्षा अधिक दोषी, कारण त्याला काडी माहीत आहे. म्हणून हे ज्ञान वाडीवाडीत गेले पाहिजे.

त्या दिवशी ओहोळावर आमची सगळी परीक्षा चालू असता एक बाई डोक्यावर हंडा घेऊन शांतपणे ऐकत उभी होती. शेवटी ती म्हणाली, “भाऊ, तुमचं लोखंड आन् तेल कळलं. पन ह्ये पानी मी पोरांना पाजू का नको?”

भगिनींनो आणि बंधूंनो, खरा प्रश्न त्या बाईने विचारला होता. तेलाचे पाणी पिऊ नये, हे उत्तर सोपे. पण लोखंडी तवंगाचे काय? लोखंड हे त्या प्रमाणात विष नव्हे. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की कपड्यांवर डाग पडतात, आणखी वाढले की चव कसट लागते, भात काळवंडतो. हंडाभर पाणी उंचावरून दुसऱ्या भांड्यात दोन-चार वेळा ओतून हवा खाऊ दिली, रात्रभर निवळू दिले आणि धुतलेल्या वाळूतून गाळले, तर पुष्कळसे लोखंड मागे राहते. पण ज्या जंतूंनी हगवण होते, कावीळ होते, विषमज्वर होतो, त्यांना रंग नाही. ते नितळ पाण्यातही असतात. तवंगाला भिऊन शेजारच्या नितळ डबक्यातले पाणी भरणारी बाई कदाचित वाईटातून अधिक वाईटात जाते. आम्ही तिला म्हणालो, “ताई, तवंगावरून पिण्याचं ठरवू नका. गाळा आणि उकळा.” ती म्हणाली, “सरपन कोन देनार?” याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

इथे एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विहिरीत टीसीएल पावडर टाकली की लोखंडी पाणी लालसर होते. क्लोरिनमुळे लोखंड झपाट्याने गंजते, एवढेच त्याचे कारण. पण गावात बोभाटा होतो की औषधाने पाणी नासले, आणि मग पुढच्या वेळी लोक पावडर टाकू देत नाहीत. आरोग्यसेवकाने आधी पाच मिनिटे हे समजावून दिले आणि गाळ बसायला वेळ दिला, तर ही भीती राहत नाही. अज्ञान दोन्हीकडे असते. पण समजावून देण्याचे काम पगार घेणाराचे आहे.

आणि आता शेवटचा मुद्दा. ज्या शहापूर तालुक्यात बाई डवऱ्यातून पाणी उपसते, त्याच भागातून मुंबई पाणी पिते. तानसा १८९२ साली पुरे झाले. मग १९५७ साली मोडकसागर, पुढे भातसा, २०१४ साली मध्य वैतरणा. मुरबाडच्या बाजूच्या बारवीचे पाणी खालच्या शहरांना आणि कारखान्यांना जाते. मोठमोठे नळ गावांच्या शेजारून जातात आणि उन्हाळ्यात त्याच गावांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईकडे जाणारे पाणी प्रक्रिया केंद्रात शुद्ध होते. तिथे तवंगाचा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण त्यासाठी पगारी माणसे नेमलेली आहेत. डवऱ्यावर मात्र तवंग कशाचा हे त्या बाईनेच ओळखावे, तिनेच गाळावे आणि सरपणही तिनेच आणावे. मुंबईने पाणी पिऊ नये असे आम्ही म्हणत नाही. तिथले गिरणगाव आमच्याच लोकांनी वसविले. पण धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वाडीला तपासलेले, शुद्ध पाणी नळाने मिळाले पाहिजे, ही मागणी दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून आम्ही मांडतो. कामगार संघटनेचा माणूस डबक्याकाठी का आला, त्याचे उत्तर हे आहे.

आपण शहरातले श्रोते. सुटीत माहुलीला, माळशेजला जाता. वाटेत असा तवंग दिसला तर दोन गोष्टी करा, एवढी विनंती आहे. काडी घालून पाहा. फुटला, तर मुलांना दाखवा : डोंगराचे लोखंड पाण्यातून वाट काढीत उन्हाला कसे येते ते. फिरून जुळला, तर त्याच्या उगमापर्यंत चालत जा, जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि जवळच्या वाडीतल्या लोकांना विचारा, त्यांनी अर्ज केला आहे काय. केला नसेल तर लिहायला मदत करा. तुमचे अक्षर चांगले आहे आणि कचेरीत तुमचा शब्द लवकर ऐकला जातो. तो त्यांच्या उपयोगी पडू द्या.